मागचं कार्ड

यंदा मोह लवकर फुलला. महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा उठली आणि दुसऱ्याच आठवड्यात वास आला. चंद्रपुरात आमच्या घराकडून खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोहाचं एक झाड उरलं आहे. ट्रकांनी उडवलेल्या कोळशाच्या धुळीने त्याचं खोड, फांद्या सगळं काळं पडलं आहे, पण फुलायचं काही ते विसरत नाही. गोड, जड, किंचित आंबलेला वास. ओल्या मनुकांचं भांडं झाकून ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी उघडावं, तसा. संध्याकाळी फिरायला निघालेली माणसं त्या झाडाखाली रेंगाळतात. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातो.

माझ्या उजव्या डोळ्याच्या बरोबर मधोमध आता एक काळा डाग आहे. डॉक्टर म्हणाले, वयाचा आजार आहे, जाणार नाही, वाढत जाईल. ज्या डोळ्याने आयुष्यभर नेम धरला, नेमका तोच. डावा त्याच्या आधीच धूसर झाला होता. आणि डाग कसा, तर थेट आमच्या कार्डावरच्या काळ्या गोलासारखा. समोरच्या माणसाकडे पाहिलं की त्याचा चेहरा नाहीसा होतो आणि त्या जागी काळा गोल दिसतो. कडेचं दिसतं, कान दिसतात, खांदे दिसतात. ज्याच्याकडे बघायचं तेवढंच दिसत नाही.

मी रायफल नेमबाज होतो. या भागात माझं नाव अजून काही जणांना आठवतं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जमिनीवर पालथं पडायचं. समोर पन्नास मीटरवर कागदाचं कार्ड, त्यावर काळा गोल. एका कार्डावर दहा गोळ्या. प्रत्येक गोळीचं कागदाला पेन्सिलीएवढं भोक पडतं. फार क्वचित एखादी गोळी आधीच्याच भोकातून जाते. मग कार्डावर भोकं नऊ दिसतात आणि झाडलेल्या गोळ्या दहा असतात. नेमबाज म्हणतो, गेली. परीक्षक म्हणतो, चुकली. म्हणून मोठ्या स्पर्धांत पुढच्या कार्डामागे थोड्या अंतरावर दुसरं कार्ड लावतात. पुढच्या कागदावर एकात एक मिसळलेली भोकं मागच्या कागदावर जराशी सुटी होतात. शेजारच्या जागेवरून तिरपी आलेली गोळीही तिथे ओळखू येते. पुढच्या कार्डाबद्दल भांडण झालं, तर मागच्या कार्डाचं ऐकायचं.

मी अजिंक्यपद जिंकलो ते असंच. वडील खाणीत होते, रायफल उसनी होती, आणि माझ्या शेवटच्या कार्डावर भोकं नऊच होती. मी म्हणालो, दोन एकात गेल्या. कोणी मानेना. मग मागचं कार्ड काढून आणलं आणि त्यावर दोन अर्धे चंद्र एकमेकांना चिकटलेले निघाले. त्या दिवसापासून मी ‘एका भोकात दोन’वाला माणूस झालो. लग्नपत्रिकेवर सोडून सगळीकडे ते लागलं. माझा शब्द म्हणजे मागचं कार्ड, असं आमच्या वर्तुळात हसत हसत म्हणायचे.

पुढे पाठ धरली, खेळ सुटला आणि मी शिकवायला लागलो. गावाबाहेर गिट्टीची एक बंद पडलेली खाण होती. तिन्ही बाजूंना कातळ, गोळी बाहेर जायची भीती नाही. तिथे आम्ही पत्रे टाकले, पोती भरून ठेवली. उन्हाळ्यात तो खड्डा कढईसारखा तापायचा. माझी मुलगी मीरा तिथेच वाढली. आणि तिथेच एका वर्षी मी आश्रमशाळेतून वनिताला आणलं. तिचं गाव धानोऱ्याच्या पुढे, जंगलात.

लोकांना वाटायचं, जंगलातली पोर म्हणजे हिने लहानपणी धनुष्यबाण चालवला असणार. एका बातमीत तसं छापूनही आलं. वनिता ती बातमी वाचून म्हणाली, ‘‘सर, माह्या घरी धनुष्य नाई. टीव्ही हाय.’’ तिच्याकडे होतं ते वेगळंच. नव्या मुलांना सगळ्यात अवघड जातं ते घोडा ओढणं. ती झटका देतात, नेम हलतो. मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगायचो की घोडा ओढायचा नसतो, बोट दाबत राहायचं, तो आपोआप सुटू द्यायचा. वनिताला मी हे एकदा सांगितलं. तिने विचार केला आणि म्हणाली, ‘‘मोहासारखं. आपन नाई पाडाचं. त्यानं पडाचं.’’

मला कळलं नाही. म्हणून त्या चैत्रात मी तिच्या गावी गेलो.

तो हंगाम मी विसरायचा प्रयत्न करतो आणि तोच सगळ्यात स्वच्छ आठवतो. उजाडायच्या आधी सगळं गाव टोपल्या घेऊन निघालेलं. झाडांखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी, स्वच्छ केलेली, त्यावर फिकट पिवळी फुलं. एक म्हातारा झाडाला पाठ लावून बसलेला, तो फुलं वेचत नव्हता, फक्त झुडपांकडे पाहत होता. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, म्हणून कोणीतरी एकाने ताठ बसायचं. बाकी सगळे वाकलेले. टप्, टप्, असा आवाज, मध्येच थांबणारा. कोणीही फांदी हलवत नव्हतं. बायकांची थट्टामस्करी चालली होती. माझ्या पांढऱ्या पँटीकडे बघून एकीने विचारलं, ‘‘हे पाहुनं वेचाले आलं का लग्नाले?’’ आणि सगळं रान हसलं.

वनिताचा बाप दसरू मला त्याचं झाड दाखवत होता. मोहाची झाडं घरोघरची ठरलेली असतात, आज्यापणज्यापासून. त्याच्या झाडाला लागून दुसऱ्या घराचं झाड होतं आणि दोघांच्या फांद्या वर एकमेकांत गुंतल्या होत्या. खाली दोन्ही घरची माणसं आपापल्या खोडाकडून वेचत आली आणि मध्ये हात दीड हाताची पट्टी तशीच सोडून मागे फिरली. चांगली टपोरी फुलं होती. मी विचारलं, ही का सोडली?

‘‘ते मधातली,’’ वनिता म्हणाली. ‘‘कोन्या झाडाची हायेत, कसं समजन? ते हरनाची.’’

आणि चुकून दुसऱ्याचं फूल आपल्या टोपलीत आलं तर?

‘‘तं सांगाचं, का हे माह्यं नाई. सांगतलं का दोष नाई लागत.’’

मी तेव्हा कौतुकाने मान हलवली होती. दसरूने मला भाजलेल्या मोहाचे लाडू दिले. मी खाल्ले. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, तेव्हा डोळे चांगले होते. नंतर मी जे केलं ते न कळून केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

पुढच्या वर्षी राज्यस्तरावर पाठवायला आमच्याकडून एकच मुलगी जाणार होती. जागा एक आणि त्या जागेच्या लायकीच्या दोघी, माझी मीरा आणि वनिता. निवडीची स्पर्धा आली नेमकी मोहाच्या दिवसांत. दसरू स्वतः चंद्रपूरला आला. खाणीच्या काठावर उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘‘भाऊ, पोरीले थोडे दिस सोडा. घरी बुडी एकली हाय, तिच्यानं वाकणं होत नाई. हंगाम गेला का वर्सभर पाहा लागते.’’ मी नाही म्हणालो. म्हणालो, खेळाडूला हंगाम एकच, स्पर्धेचा. टाळ्या पडाव्यात असं वाक्य होतं. दसरूने मान डोलावली आणि संध्याकाळच्या लाल गाडीने परत गेला. वनिता त्या रात्री जेवली नाही, पण सकाळी सरावाला सगळ्यांच्या आधी हजर होती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासूनच हवा उकळत होती. तापलेल्या जमिनीवरून वाफ उठते तेव्हा लांबची कार्डं पाण्यात पडल्यासारखी हलतात, डावीउजवीकडे सरकल्यासारखी वाटतात. मीरा आणि वनिता शेजारशेजारच्या जागांवर पालथ्या पडलेल्या. मी मागे उभ्या दुर्बिणीवर. शेवटचं कार्ड सुरू झालं तेव्हा वनिता थोडी पुढे होती. मीरा घाईत होती, मला तिच्या खांद्यावरून कळत होतं.

मीराची बंदूक वाजली. तिच्या कार्डावर नवं भोक पडलं नाही. मी दुर्बीण शेजारी वळवली. वनिताच्या कार्डावर, काळ्या गोलात मध्यापासून जरा बाजूला, नुकतंच पडलेलं भोक होतं. वनिताचा गाल तेव्हा बंदुकीवर नव्हता. ती डब्यातून पुढची गोळी उचलत होती.

आमच्या खेळात हे होतं. उन्हात, घाईत, नेम शेजारच्या कार्डावर जातो. नियम साधा आहे, ज्याने चुकीच्या कार्डावर झाडली त्याची ती गोळी शून्य. ज्याच्या कार्डावर आली त्याला काही नाही. म्हणजे मीरा बाद आणि वनिता राज्याला. दहा गोळ्या संपल्या आणि कोणी काही बोलायच्या आत वनिताने हात वर केला.

‘‘साहेब, माह्या कार्डावर एक भोक माह्यं नाई.’’

सांगितलं की दोष लागत नाही.

परीक्षक आमचे जुने स्नेही होते, जाड भिंगांचे, थट्टेखोर. ‘‘तुह्यं नाई तं कोनाचं, माह्यं का वो बाई?’’ म्हणाले. सगळे हसले. कार्डं आणली. वनिताच्या कार्डावर अकरा, मीराच्या नऊ. हसणं थांबलं. आमच्याकडे मागची कार्डं लावायची सोय नव्हती. डब्यातल्या गोळ्या मोजून काही कळलं नसतं, सुरुवातीच्या सरावाच्या गोळ्यांना गणती नसते. परीक्षक माझ्याकडे वळले.

‘‘भाऊ, दुर्बिणीवर तुमीच होते. तुमी सांगा.’’

मागचं कार्ड म्हणून तिथे मीच उभा होतो.

मी म्हणालो, ‘‘मीराच्या शेवटच्या दोन एका भोकातून गेल्या. मी पाहिलं. वनिताच्या हातून एक जास्त सुटली. पोरीचं डोकं आठ दिवसांपासून गावाकडे आहे.’’

मी हे ठरवून बोललो नव्हतो. ठरवून बोलणारा माणूस अडखळतो. मी अडखळलो नाही. परीक्षकांनी मीराच्या कार्डावरच्या एका जरा फाटक्या भोकात बोट फिरवलं, ‘‘बापाचाच हात’’ म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. नियमाप्रमाणे जास्तीच्या गोळीसाठी वनिताचं सर्वांत चांगलं भोक वजा झालं, वर दोन गुणांचा दंड. तिचा दहा काढून टाकला आणि मीराचा आठ तिच्या नावावर ठेवला.

वनिता माझ्याजवळ आली. रडत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘‘सर, अकरा झाल्या का माह्या?’’

‘‘हो. मोजायला चुकलीस.’’

‘‘मले तं दहाच वाटल्या.’’

‘‘वाटतं तसं.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली.

मी स्वतःला समजावलं की तिच्यापुढे अजून वर्षं आहेत, ती तयार मुलगी आहे, पुढच्या वेळी जाईल. पण त्या दिवसानंतर तिला पुढची वेळ राहिली नाही. सरावाला पालथी पडली की ती प्रत्येक गोळीनंतर मान वळवून मला विचारायची, ‘‘सर, हे कितवी?’’ आधी हळू, मग मोठ्याने. पोरं तिला चिडवायला लागली, अकरावी, अकरावी. गोळी झाडायच्या आधी आपण मोजण्यात चुकलो तर नाही ना, एवढंच तिच्या डोक्यात. बोट दाबत राहायचं सोडून ती झटके द्यायला लागली. मोह पडायची वाट बघणारी पोर फांदी हलवायला लागली. आणि मी, शिकवणारा, मागे उभा राहून म्हणायचो, ‘‘मन लाव.’’

दसरू तिला न्यायला आला तेव्हा हंगाम संपत आला होता. त्याच्या हातात फडक्यात बांधलेले लाडू होते. मला वाटलं, हा मला जाब विचारणार. मी उत्तरं तयार ठेवली होती.

‘‘भाऊ, पोरीनं लबाडी केली का?’’ त्याने विचारलं.

‘‘लबाडी नाही. चूक.’’

‘‘जास्तीचं घेतलं म्हने तिनं.’’

‘‘चुकून झालं.’’

‘‘तरी बी,’’ तो म्हणाला. ‘‘मापी करा. आमच्या घरी असं कोनी केलं नोतं.’’ आणि लाडवांचं फडकं त्याने माझ्या पायाशी ठेवलं.

ते लाडू मी नंतर कुत्र्यालाही घालू शकलो नाही. तीन दिवस ठेवले आणि मग इरईच्या पात्रात सोडले. नदीला तेव्हा पाणी नव्हतं. ते वाळूतच पडून राहिले.

पुढे मी आणखी एक गोष्ट केली, आणि हिशेब लावायचा तर ती पहिलीपेक्षा मोठी आहे. वनिता का गेली, असं लोक विचारायचे. मी म्हणायचो, ‘‘जंगलातली मुलं टिकत नाहीत हो. मोह फुलला की पळतात.’’ एकदा म्हणालो, मग दरवेळी म्हणालो. भाषणांतून म्हणालो. लोक हसायचे आणि लक्षात ठेवायचे. दुसरे प्रशिक्षकही तेच म्हणू लागले, आश्रमशाळांकडे निवडीला जाणं बंद झालं, आणि कोणी कारण विचारलं तर माझं वाक्य मलाच ऐकवायचे. किती मुलं त्या वाक्याखाली गेली ते मला माहीत नाही. त्यांची नावंही कधी आमच्यापर्यंत आली नाहीत.

मीराचं म्हणाल तर ती राज्याला गेली आणि शेवटून कितवी तरी आली. स्पर्धेच्या दिवशी घरी येताना स्कूटरवर मागून तिने विचारलं होतं, ‘‘बाबा, खरंच दोन गेल्या?’’ घोडा सुटताना नेम कुठे होता ते नेमबाजाला कळतं. तिलाही कळलं असणार. मी म्हणालो, ‘‘मी सांगतोय ना.’’ ती पुन्हा कधी बोलली नाही, त्याबद्दल आणि नंतर फारसं कशाबद्दलच. दोन वर्षांत तिने बंदूक ठेवली. आता दूर असते. सणाला फोन करते, तब्येत विचारते. ते नऊ भोकांचं कार्ड मी चौकट करून बैठकीत लावलं होतं. पाहुणे त्या फाटक्या भोकाला काचेवरून बोट लावायचे. आता मी त्याच्याकडे पाहिलं की डाग बरोबर त्यावर येतो.

यंदा वास आला आणि मला वाटलं, डोळा पूर्ण जायच्या आत वनिताकडे जावं. निदान एका माणसाला तरी तिचं जे आहे ते परत द्यावं. गडचिरोलीला गाडी बदलली, धानोऱ्याच्या पुढे एका पोलिसाने मोटारसायकलवर सोडलं. वनिताच्या अंगणात मोह वाळत पडला होता, तांबूस, सुरकुतलेला. ती पायलीच्या मापाने मोजून पोत्यात भरत होती. आवाजावरून ओळखलं, चेहरा मला दिसत नव्हता.

‘‘सर? अन् एवढ्या तपनात? बसा, बसा. पानी आनतो.’’

मी बसलो. ती प्रत्येक पायली पोत्यात ओतली की बाजूला एक तेंदूचं पान ठेवत होती. मी विचारलं, पानं कशाला?

ती हसली. ‘‘माह्यं मोजनं चुकते ना सर. तुमाले तं मालूमच हाय. तवापासून असंच करतो. पोरं हसतेत. एक पायली, एक पान.’’

मी उभा राहिलो. जे पाठ करून आलो होतो ते सगळं गेलं. मी म्हणालो, ‘‘वनिता, त्या दिवशी तुझ्या दहाच होत्या. अकरावी मीराची. मी दुर्बिणीतून पाहिलं आणि खोटं बोललो.’’

अंगणात कोंबड्या मोहात चोच मारत होत्या. तिने त्यांना हाकललं.

‘‘असं कसं होईन सर,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी तवा तिथीच उभे होते. तवा पाह्यलेलं खरं का आता आठवते ते?’’

‘‘तेव्हा पाहिलं तेच सांगतोय.’’

‘‘बाबा बी मरेपावतर सांगे, का सर खोटं बोलनार मानूस नोहे. आपलंच चुकलं.’’ तिने तांब्या माझ्या हातात दिला, माझी बोटं त्याच्याभोवती मिटेपर्यंत धरून ठेवला. ‘‘वय झालं तुमचं. असं होते. माह्या सासऱ्याले बी भलतंच काई काई आठवे. मनाले नोका लावून घेऊ. मीराताई बरी हाय ना?’’

मी शपथ घातली. पोटच्या पोरीची घातली. ती कळवळून म्हणाली, ‘‘शपत काऊन घेता सर? चूक माह्यी होती. बाबानं कवाच मापी मांगतली न तुमाले?’’

माझा शब्द म्हणजे मागचं कार्ड. ते मी तिच्या घरात इतकं खोल लावलं होतं की आता माझ्याच हाताने निघत नव्हतं.

बोलण्याच्या नादात तिचं मोजणं चुकलं. पायली ओतली की नाही, पान ठेवलं की नाही, ते तिला आठवेना. ती पहिल्यापासून पानं मोजायला लागली, मध्येच थांबली, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणालो, आण इकडे, मी मोजून देतो. तिने पानं माझ्यापुढे सरकवली. मी वाकलो. ज्या पानाकडे बघावं ते नाहीसं व्हायचं, कडेची तेवढी दिसायची. मी नजर हलवत राहिलो. माझे ओठ हलत होते, आकडे पुढे जात नव्हते.

‘‘राहू द्या सर,’’ वनिता हलकेच म्हणाली आणि पानं गोळा करून घेतली. ‘‘मीच मोजतो.’’

आता जिथे माझं ऐकतील अशी जागा या लिखाणाएवढीच उरली आहे. माझं ते वाक्य ज्यांनी माझ्या तोंडून ऐकलं आणि पुढे सांगितलं, त्यांनी हे वाचावं. जंगलातली मुलं पळाली नाहीत, त्यांना मी हाकललं. आणि त्या उन्हात, बंद खाणीत, वनिताने शेवटच्या कार्डावर दहाच गोळ्या झाडल्या. मी मागे उभा होतो. मी मोजत होतो.